शून्य नंबरच्या घरात कोण राहतं

सकाळी साडेसहाला फोन वाजला की तो दूध संकलन केंद्राचाच असतो. बाकी कुणाला त्या वेळी आमची आठवण येत नाही.

"साहेब, लाल दिवा लागतोय, विझतोय, परत लागतोय. नुसतं लुकलुकाया लागलंय बघा. पुढं कायच होत न्हाई."

मागे कॅन आपटल्याचे आवाज, कुणीतरी फॅट किती लागली म्हणून ओरडतंय. मी अर्धवट झोपेत विचारलं, "लाईट गेली होती का?"

"लाईट तर रोजच जाती की."

उत्तर त्यांनी तिथेच देऊन टाकलं होतं. मी ते टिपून घेतलं नाही. डब्बा एसटी पार्सलने पुण्याला पाठवा, तोवर वहीत लिहा, असं सांगून फोन ठेवला.

हा डब्बा म्हणजे काय ते आधी सांगतो. केंद्रावरचा वजनकाटा आणि फॅट मशीन यांच्याकडून आकडे घ्यायचे, पावती छापायची आणि रात्री सगळं सिमकार्डावरून डेअरीच्या सर्व्हरला पाठवायचं, एवढं त्याचं काम. आत लिनक्स चालतं. पण वीज आल्या आल्या लिनक्स सुरू होत नाही. चिपच्या पोटातल्या रॉममधला छोटा प्रोग्राम आधी उठतो, तो बूटलोडरला उठवतो आणि बूटलोडर लिनक्सला. आमचा बूटलोडर म्हणजे यू-बूट. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी पीपीसीबूट नावाने सुरू केलेला हा प्रकल्प २००२ पासून यू-बूट म्हणून ओळखला जातो. राउटरपासून कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत कुठेही झाकण उघडा, तो सापडण्याची शक्यता बरीच.

यू-बूटला स्वतःची एक छोटी वही असते, तिला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. नाव, बरोबर चिन्ह, किंमत, अशा ओळींची यादी. कुठल्या विभागातून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलायचा, कर्नलला काय सांगायचं, बोर्डाची आवृत्ती कुठली, हे सगळं त्यात. ही यादी ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच्या कायमच्या मेमरीत, एका ठरलेल्या जागी लिहिलेली असते आणि तिच्या सुरुवातीला चार बाइटांचा सीआरसी, म्हणजे बेरजेची खूण. वाचताना खूण जुळली नाही तर यू-बूट ती वही फेकून देतो आणि बायनरीत, म्हणजे स्वतःच्याच प्रोग्राममध्ये, बांधलेली मूळ यादी वापरतो. सरळ, शहाणी सोय. आमच्या डब्याचा घात ह्या सोयीनेच केला. खरं तर माझ्या एका ओळीने केला, पण ते पुढे.

पार्सल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. डब्यावर दुधाचे ओघळ वाळलेले, आत एक मेलेलं झुरळ. सिरियल केबल लावली, ११५२०० चा वेग ठेवला आणि वीज दिली.

पहिल्या टप्प्याची ओळ आली. मग यू-बूटचं नाव आणि आवृत्ती. मग रॅम ५१२ एमबी. मग एन्व्हायर्नमेंट वाचतोय म्हणून ओळ आणि तिच्याच पुढे तीन चांदण्यांची सूचना: सीआरसी चुकला, मूळ एन्व्हायर्नमेंट वापरतो. त्यानंतर दोन शब्द, डेटा अबॉर्ट. खाली रजिस्टरांची, म्हणजे सीपीयूच्या आतल्या छोट्या कप्प्यांची, रांग, मग सीपीयू रीसेट होतोय. आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन-अडीच सेकंदांची ही फेरी, न थांबता. मी चहा घेऊन येईपर्यंत स्क्रीनवर शंभरेक फेऱ्या झाल्या असतील. केंद्रावर तर रात्रभर चाललं असणार.

डेटा अबॉर्ट म्हणजे सीपीयूने मेमरीतला एक पत्ता मागितला आणि समोरून 'असा पत्ताच नाही' असं उत्तर आलं. कोणत्या ओळीवर हे झालं ते पीसी (प्रोग्राम काउंटर) नावाच्या रजिस्टरमध्ये असतं आणि तिथे कुठून आलो ते एलआर नावाच्या. पण यू-बूट सुरू झाल्यावर स्वतःला उचलून रॅमच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवतो, त्यामुळे पीसीतला पत्ता बिल्डमधल्या, म्हणजे कोडपासून बनवलेल्या मूळ प्रोग्राममधल्या, पत्त्याशी जुळत नाही. ३२-बिट आर्म प्रोसेसरवर त्यासाठी खाली 'रीलॉक पीसी' अशी वेगळी ओळ छापलेली असते, तीत हलवल्याचा फरक वजा केलेला असतो. तो आकडा अ‍ॅडर२लाइनला द्यायचा, की फाइल आणि ओळ हातात.

फक्त त्यासाठी तंतोतंत तोच बिल्ड लागतो. आणि डब्यातल्या यू-बूटच्या आवृत्तीच्या शेवटी ठळक छापलेलं होतं: डर्टी. म्हणजे बिल्ड करणाऱ्याने गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, कमिट न केलेले बदल तसेच ठेवून बिल्ड केला होता. बिल्ड करणारा मीच. दोन हजार वर्षं गटारात सडायची शिक्षा व्हावी असं हे पाप आहे आणि आमच्या धंद्यात ते सगळे करतात. नशिबाने लॅपटॉपवरचं ते फोल्डर मी साफ केलेलं नव्हतं. आळस कधी कधी उपयोगी पडतो.

अ‍ॅडर२लाइनने सांगितलं, सिंपल_स्ट्रटोयूएल. अक्षरांतला आकडा वाचून त्याचा खरा आकडा करून देणारं साधं फंक्शन. एलआर दाखवत होता आमच्याच बोर्डाच्या फाइलमधल्या बोर्ड_लेट_इनिटकडे. तिथल्या दोन ओळी मी मराठीत सांगतो. पहिली: वहीतली किंमत काढून देणाऱ्या एन्व्ह_गेटला विचार, 'बोर्ड_रेव्ह' काय आहे. दुसरी: जे हाती येईल ते सोळाच्या पायाने आकड्यात बदल.

मधे तपासणी नाही. एन्व्ह_गेटला ते नाव सापडलं नाही तर तो नल देतो, म्हणजे शून्य पत्ता. फंक्शन लगेच पहिलं अक्षर बघायला जातं, '०एक्स' ने सुरू होतंय का ते पाहायला, आणि शून्याच्या पत्त्यावर जाऊन आपटतं. 'बोर्ड_रेव्ह' मूळ यादीत नव्हताच. तो कारखान्यात टेस्टिंगच्या वेळी स्क्रिप्टने लिहिला जायचा. वही फाटली, मूळ यादी आली, 'बोर्ड_रेव्ह' गेला, नल आला, बोर्ड पडला, रीसेट झाला. परत वही वाचली, ती अजूनही फाटलेलीच.

कोणती ओळ कुणी लिहिली ते सांगणारा गिट ब्लेम चालवला. माझं नाव, साल २०१६.

इथे मी थांबायला हवं होतं. नलची तपासणी घालायची, बिल्ड करायचा, घरी जायचं. पण ते २०१६ डोक्यातून जाईना. ही ओळ पाच वर्षं जुनी. जुन्या डब्यांमध्ये हीच ओळ होती आणि ते डबे अजून त्याच केंद्रांवर चालू आहेत. लाईट तेव्हाही जायची. मग एकही डब्बा असा का पडला नाही?

जुना बोर्ड आय.एमएक्स६ या चिपवरचा. २०२१ च्या चिपच्या तुटवड्यात तो मिळेना, मिळाला तर भाव ऐकून घाम फुटायचा. मग हाताशी असलेल्या एएम३३५एक्स या चिपवर घाईघाईने नवा बोर्ड उतरवला. जुन्या बोर्डाचं फोल्डर कॉपी केलं, पिनांची नावं बदलली. मधल्या काळात, २०१७ मध्ये, यू-बूटमध्ये गेटएन्व्हचं नाव बदलून एन्व्ह_गेट झालं होतं, म्हणून तेही शोधून बदलणाऱ्या एका सेड कमांडने सगळीकडे बदलून टाकलं. सेडने बदललं, डोळ्यांनी वाचलं नाही.

कपाटातून जुना बोर्ड काढला. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर मूळ एन्व्हायर्नमेंट आणायची कमांड दिली, सेव्ह केलं, रीसेट केलं. आरामात बूट झाला. परत केलं. परत बूट झाला. 'बोर्ड_रेव्ह' नाही याची खात्री करून घेतली. नव्हताच. म्हणजे नल येतोय, फंक्शन शून्याच्या पत्त्यावर जातंय आणि काही न होता परत येतंय.

मग मेमरी दाखवायची कमांड घेऊन पत्ता शून्यापासूनचे बत्तीस बाइट मागितले. जुन्या बोर्डाने निमूट छापून दिले. चार-चारचे गट, प्रत्येक चौथा बाइट ई ने सुरू होणारा. ३२-बिट आर्मची सूचना वाचायची सवय असलेल्याला हे दिसताक्षणी कळतं: विनाअट चालणाऱ्या सूचनेचा सगळ्यात वरचा अंक ई असतो आणि उलट्या क्रमाने लिहिल्यावर तो चौथ्या बाइटात येतो. म्हणजे समोर होता प्रोग्राम. आय.एमएक्स६ मध्ये शून्य पत्त्यावर चिपचा बूट रॉम असतो. वीज आल्यावर सगळ्यात आधी उठणारा तो प्रोग्राम, तिथेच राहतो.

नव्या बोर्डावर तीच कमांड दिली. डेटा अबॉर्ट, रीसेट. एएम३३५एक्स मध्ये शून्यापासूनचा पट्टा बाहेरच्या समांतर मेमरीच्या बससाठी राखलेला आहे आणि आमच्या बोर्डावर त्या बसला काहीही जोडलेलं नाही. रिकामा प्लॉट.

तर असं होतं ते. पाच वर्षं आमचा कोड चुकीच्या दारावर जाऊन बेल वाजवत होता आणि आतले सज्जन दार उघडून काहीतरी हातात ठेवत होते. रॉमचा पहिला बाइट वाचण्यासारखं अक्षर नव्हतं, मेमरीच्या छपाईत उजवीकडे त्याच्या जागी नुसतं टिंब होतं. आकडा वाचणाऱ्या फंक्शनला पहिल्याच पावलाला अंक सापडला नाही की ते शून्य परत देतं. आवृत्ती शून्य. आमच्या कोडमध्ये १ आणि २ साठी वेगळ्या वाटा होत्या आणि बाकी कशालाही १ ची वाट. म्हणजे डब्बा आवृत्ती १ समजून चालू राहायचा. जवळपास सगळं चालायचं.

कॉम्प्युटरवर किंवा फोनवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. तिथे नलला हात लावला की ऑपरेटिंग सिस्टिम जागच्या जागी मारते, कारण शून्याचं पान मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं. बूटलोडरच्या खाली असं कुणी नसतं. शून्य हा तिथे खराखुरा पत्ता आहे. काही रॉकचिप चिप्समध्ये तर तिथून थेट रॅम सुरू होते, म्हणजे नलवर लिहिलंत तरी कुणी हरकत घेणार नाही. क्यूईएमयू म्हणजे लॅपटॉपवर चालणारं नकली यंत्र; त्याच्या व्हर्ट बोर्डावर करून पाहिलं, तर शून्यावर फ्लॅश, आणि फ्लॅशच्या सुरुवातीला खुद्द यू-बूट बसलेला. तिथे नल वाचला तर यू-बूट स्वतःचीच पहिली सूचना वाचून बसतो. म्हणून क्यूईएमयूवर टेस्ट पास झाली ह्याला ह्या बाबतीत काडीची किंमत नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लिहिली. नल असेल तर शून्य धर. एक अट, एक ओळ. रिव्ह्यूला टाकली.

आमच्याकडे रिव्ह्यू ताई करतात. टीममध्ये वयाने सगळ्यात मोठ्या, टेलिकॉममध्ये आयुष्य काढून आलेल्या, आणि 'बरं केलंस' हा शब्दप्रयोग त्यांच्या शब्दकोशात नाही. दहा मिनिटांनी माझ्या टेबलापाशी आल्या.

"हे फंक्शन वाचलंस का?" त्यांनी एन्व्ह_गेट_यूलॉंग उघडून दाखवलं. नाव द्या, पाया द्या आणि सापडलं नाही तर काय धरायचं तेही द्या. आत नलची तपासणी आहेच. यू-बूटमध्ये कितीतरी वर्षांपासून असलेली गोष्ट, आणि मी पाच वर्षं हाताने आकडे वाचत होतो.

"वाचलं नव्हतं, ताई."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कुठले?"

त्यांनी ग्रेप मारलं, म्हणजे सगळ्या फाइलींत शब्द शोधला. आमच्या बोर्डाच्या फोल्डरात एन्व्ह_गेट अकरा ठिकाणी. चार ठिकाणी तपासणी नव्हती. मी नुसता पडलेला दात काढत होतो, किडलेले तसेच.

त्या चारांतला एक फार मासलेवाईक. 'मॉडेम' नावाची किंमत घेऊन ती '४जी' शी ताडून पाहायची. लॅन केबलवर चालणाऱ्या डब्यांत मॉडेम नसतो, म्हणून कारखान्याची स्क्रिप्ट तिथे 'मॉडेम' ची किंमत रिकामी ठेवायची. रिकामी म्हणजे रिकामी ओळ मिळेल, तुलना होईल, उत्तर 'वेगळं' येईल, असा माझा हिशोब. पण यू-बूटमध्ये रिकामी किंमत हा प्रकारच नाही. किंमत न देता सेट करणं म्हणजे ते नाव पुसून टाकणं. नंतर मागितलंत तर रिकामी ओळ येत नाही, नल येतो. जुन्या बोर्डावर तुलना करणारं स्ट्रकॉम्प रॉमच्या पहिल्या बाइटाची '४' शी तुलना करून 'वेगळं' असं अगदी बरोबर उत्तर द्यायचं. नव्या बोर्डावर लॅनवालं मॉडेल अजून बनलंच नव्हतं. बनलं असतं तर टेस्टिंगच्या टेबलावर पहिल्याच बूटला आडवं झालं असतं आणि आम्ही हार्डवेअरवाल्यांना दोष देत आठवडा घालवला असता.

दुसरी भानगड नलची नव्हती, त्याच्या चुलत भावंडाची होती. एका ठिकाणी मी डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते लिनक्सला सांगणाऱ्या, फाइलचं जुनं नाव एन्व्ह_गेटने घेऊन ठेवलं होतं, मग एन्व्ह_सेटने नवं नाव लिहिलं, आणि मग 'अमुकवरून तमुक केलं' अशी ओळ छापली होती. ताईंनी त्या छापण्याच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. एन्व्ह_गेट तुम्हाला प्रत देत नाही. त्याच्या हॅश टेबलात, म्हणजे वहीच्या रॅममधल्या प्रतीत, किंमत जिथे ठेवली आहे तिथलाच पत्ता देतो. एन्व्ह_सेट केलं की तो जुनी जागा मोकळी करून नवी प्रत बनवतो. तुमच्या हातातला पत्ता मोकळ्या झालेल्या जागेचा. बहुतेक वेळा तिथे जुनी अक्षरं तशीच पडलेली असतात, म्हणून ओळ बरोबर छापली जाते. बहुतेक वेळा.

"आणि रीलोकेशनच्या आधी हात लावलायस का कुठे?" त्यांनी विचारलं. रीलोकेशन म्हणजे यू-बूटने स्वतःला रॅमच्या टोकाला हलवणं. सुदैवाने नव्हता. हॅश टेबल तयार व्हायच्या आधी एन्व्ह_गेट बत्तीस बाइटांच्या एकाच सामायिक जागेत उत्तर लिहून देतो. लागोपाठ दोन नावं विचारलीत तर दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या अंगावर लिहिलं जातं आणि दोन्ही पॉइंटर एकच गोष्ट दाखवतात. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. अजूनही ते वाक्य मी एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेलं आहे.

चारही ठिकाणं नीट केली. आता टेस्ट कशी करायची? प्रत्यक्ष बोर्डावर केली तर त्या बोर्डाच्या शून्यात कोण राहतं त्यावर निकाल ठरणार. यू-बूटमध्ये यासाठी सँडबॉक्स नावाचा छान प्रकार आहे: अख्खा यू-बूट लिनक्सवरचा साधा प्रोग्राम म्हणून बिल्ड होतो आणि तुमच्या लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये चालतो. खाली लिनक्स असल्यामुळे नलला तिथे माफी नाही. अडचण एवढीच की बोर्डाची फाइल सँडबॉक्समध्ये बिल्ड होत नाही, तिच्यात रजिस्टरं आणि पिनाच पिना. म्हणून एन्व्हायर्नमेंट वाचून निर्णय घेणारा भाग कापून वेगळ्या फाइलमध्ये नेला. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्या दुरुस्तीतलं टिकाऊ काम तेच. आधी मुद्दाम जुना, चुकीचा कोड तिथे ठेवून चालवला. 'सेगमेंटेशन व्हायोलेशन' असं छापून सँडबॉक्स जागेवर आडवा. पाच वर्षं लपलेली गोष्ट एका सेकंदात. मग नवा कोड. नाव नाही, नाव आहे पण कचरा आहे, नाव आहे आणि बरोबर आहे, तिन्ही पार.

एवढ्यावर नलचं प्रकरण मिटलं. पण वही मुळात कशामुळे फाटली, ते राहिलंच होतं.

लिनक्स पूर्ण उठलं की आमची स्क्रिप्ट एफडब्ल्यू_सेटएन्व्ह (लिनक्समधून वही लिहायचं हत्यार) चालवून वहीतला बूटकाउंट शून्य करायची. बूट फसत राहिला तर जुन्या विभागावर परत जाता यावं यासाठी ती मोजणी. एक आकडा बदलायचा, पण एफडब्ल्यू_सेटएन्व्ह सगळी वही नव्याने लिहितं, आमच्या बाबतीत १२८ केबी. रोज, प्रत्येक बूटला. आणि गावाकडची लाईट येताना एकदा येत नाही. येते, डोळा मारते, जाते, परत येते. त्या डोळा मारण्यात लिहिणं अर्धवट राहिलं की सीआरसी गेला. "लाईट तर रोजच जाती की" ह्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

ह्यावर पुस्तकी उपाय आहे: दोन वह्या ठेवा, आलटून पालटून लिहा, एक फाटली तर दुसरी वाचा. यू-बूटच्या कॉन्फिगमध्ये तेव्हा त्यासाठीच्या 'रिडंडंट' शब्दाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी टीच्या जागी डी होता, त्यामुळे शोधायला गेलं तर पहिल्यांदा सापडायचं नाही. मी चालू केलं, बिल्ड केला, नव्या बोर्डावर टाकला. सीआरसी चुकला, मूळ एन्व्हायर्नमेंट वापरतो.

पाच मिनिटं मी स्क्रीनकडे बघत बसलो. दोन वह्यांच्या पद्धतीत सीआरसीच्या चार बाइटांनंतर एक जास्तीचा बाइट असतो, कोणती वही नवी हे कळायला. म्हणजे सगळा मजकूर एका घराने पुढे सरकतो, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेली धडधाकट वही नव्या यू-बूटला फाटकी दिसते. फील्डमधल्या डब्यांवर आधी हे टाकलं असतं, नलची दुरुस्ती न करता, तर एकूण एक डब्बा पहिल्याच बूटला त्याच खड्ड्यात पडला असता. आणि तो आम्ही विश्वासार्हता वाढवण्यासाठी टाकलेला अपडेट असता!

शेवटी ठरलं ते असं. लांबून यू-बूट बदलायचा नाही. तो लिहिताना लाईट गेली तर परत उठवायला काहीच उरत नाही. लांबून फक्त लिनक्सची स्क्रिप्ट बदलायची, म्हणजे रोजचं वही लिहिणं बंद. डब्बा सर्व्हिसला आला की यू-बूट नवा, दोन वह्यांचा, आणि बूटकाउंट आरटीसीच्या, म्हणजे चिपमधल्या घड्याळाच्या, एका स्क्रॅच रजिस्टरमध्ये. एएम३३५एक्स साठी ती सोय यू-बूटमध्ये तयारच आहे. लाईट गेली की मोजणी पुसली जाते, पण मोजायचं असतं ते लागोपाठ पडणं, तेव्हा चालतं. आणि 'बोर्ड_रेव्ह' सारखी जन्मखूण वहीत ठेवायचीच नाही, नव्या बोर्डावर तिच्यासाठी ईईप्रॉम ही वेगळी छोटी मेमरी आहे.

ताईंनी अजून एक गोष्ट मागितली. "नाव सापडलं नाही तर शून्य धर, ठीक आहे. पण गुपचूप धरू नकोस. तो रॉम गुपचूप देत होता, आता तू देणार." म्हणून एक ओळ छापली: बोर्ड_रेव्ह नाही, ० धरतोय. हीच दुरुस्ती जुन्या आय.एमएक्स६ च्या शाखेतही टाकली, गरज नसताना.

महिनाभराने एक जुना डब्बा सर्व्हिसला आला, पॉवर सॉकेट ढिलं झालं म्हणून. नवा यू-बूट टाकला आणि सिरियलवर ती ओळ आली. बोर्ड_रेव्ह नाही. पण सीआरसीची सूचना नव्हती, वही धडधाकट होती. ह्याचंही कोडं लगेच सुटलं. कधीतरी वही फाटली असणार. जुन्या बोर्डावर यू-बूट रॉमच्या कृपेने तरला, लिनक्स उठलं, स्क्रिप्टने एफडब्ल्यू_सेटएन्व्ह चालवलं. ते हत्यारही फाटकी वही दिसली की स्वतःजवळची मूळ यादी घेतं, तीत बदल करतं आणि नव्या सीआरसीसह लिहून टाकतं. जखम भरली, बोट मात्र गेलं. पीसीबीवरचं स्टिकर पाहिलं: आवृत्ती २. म्हणजे कित्येक महिने, कदाचित वर्षं, हा डब्बा आवृत्ती १ ची डिव्हाइस ट्री घेऊन चालत होता.

दोन्ही आवृत्त्यांत फरक फार थोडा. एक रेझिस्टर, एक कनेक्टर आणि रेंजच्या दिव्याची वायरिंग. आवृत्ती १ मध्ये पिन खाली ओढली की दिवा लागायचा, २ मध्ये वर नेली की.

मी तक्रारींच्या शीटमध्ये त्या केंद्राचं नाव शोधलं. २०१८ ची नोंद होती: 'रेंजचा दिवा उलटा लागतो.' समोर शेरा: 'ऑपरेटरचा गैरसमज. फोनवर समजावले.' समजावणारा कोण ते लिहिलेलं नव्हतं, पण अक्षर, म्हणजे टायपिंगची सवय, माझीच.

आवृत्ती २ लिहिली, सॉकेट बदललं, डब्बा परत पाठवला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन.

"साहेब, दुरुस्त करून पाठवलासा खरं, पर दिवा बिघडवून ठेवलाय. आधी दिवा विझला की रेंज आली म्हणून समजायचं. आता रेंज आली तर लागतोय आणि गेली की विझतोय. पोरं घोटाळ्यात पडल्यात. पहिल्यासारखं करून द्या."